उरलेलं रक्त

सावर्ड्याच्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम करते. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी त्याच नजरेनं पाहिलं. माझी मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली. आज ती चौदा महिन्यांची आहे. ज्यांचं बाळ आत्ता काचेच्या पेटीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला धीर देता येत नाही. काय झालं ते क्रमानं सांगता येतं.

पट्टी

त्या सकाळी माझी अंगठी निघेना. पाय दोन दिवस सुजलेले होते, डोकं दुखत होतं. पोटुशी बाईचे पाय सुजतातच, असं घरी सगळे म्हणत होते आणि मीही म्हणत होते. अकराच्या सुमाराला गर्दी ओसरली तेव्हा मी माझीच लघवी तपासली. त्याची एक पट्टी असते. ती पिवळी राहिली तर सगळं ठीक, लघवीत प्रथिनं जात असतील तर हिरवी होत जाते. माझी गर्द हिरवी झाली. पट्ट्यांची बाटली जुनी असेल म्हणून मी नवी फोडली. तीही तशीच.

आमचे सर आतून आले. टेबलावरची पट्टी बघून म्हणाले, "ही कोणाची? ताबडतोब फोन कर त्यांना."

"माझी आहे, सर."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. माझं ब्लडप्रेशर घेतलं, आकडा मला न सांगता कागदावर लिहिला आणि शटर खाली ओढलं. चिपळूणच्या माझ्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "इतक्या लहान बाळाची सोय माझ्याकडे नाही. इकडे येण्यात वेळ घालवू नका, सरळ रत्नागिरी गाठा." सरांनी स्वतःच्या गाडीतून मला नेलं. माझा नवरा सुहास लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टवर असतो. तो आत असताना फोन बाहेर ठेवावा लागतो. त्याला हे कळलं तेव्हा मी रुग्णालयात दाखल होऊन तीन तास झाले होते.

तिथे पोचल्याबरोबर मला मांडीत एक इंजेक्शन दिलं. बाळ लवकर काढावं लागलं तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून ते देतात. पुढचे डोस वेळेवर झाले. तिसऱ्या दिवशी माझं प्रेशर औषधांना जुमानेना तेव्हा सिझेरियन केलं. मुलगी झाली. वजन एक किलो साठ ग्रॅम.

तिचा आवाज मी ऐकला नाही. तिला माझ्या डोक्याच्या बाजूनं नेलं, तेव्हा हिरव्या कापडात काहीतरी आहे एवढंच दिसलं.

दोन मिली

नवजात बालकांच्या त्या विभागात शिरताना चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-बांगड्या काढायच्या, गाऊन घालायचा. मुलगी पेटीत उताणी होती. नाकात श्वासाला आधार देणाऱ्या नळ्या, तोंडातून पोटात एक नळी, पायाला लाल दिव्याची चिमटी. डोक्यावरची टोपी माझ्या मुठीवर बसली असती. मी आधी हातापायांच्या शिरा बघितल्या. सवय. शिरा दिसत होत्या, पण सुई जाईल अशी एकही नव्हती.

दर दोन तासांनी दूध काढून द्यायचं. पहिल्या दिवशी पाच-सहा थेंबच आले. सिस्टरनं ते सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि म्हणाली, "एवढं पुरे तिला. वाया घालवू नका, हे औषध आहे." चौथ्या दिवशी ती दर दोन तासांनी दोन मिली घ्यायला लागली. दोन मिली म्हणजे किती हे मी रोज हाताळते. तरी त्या दिवशी ते पुष्कळ वाटलं.

आयांसाठी शेजारीच एक खोली होती. माझ्या बाजूच्या खाटेवर शबाना होती, पूर्णगडची. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या दोन दिवस आधी जन्मलेला, अठ्ठाविसाव्या आठवड्यात. नवरा जहाजावर होता, त्यामुळे फोन कधी लागायचा, कधी नाही. ती माझ्याहून लहान, पण तिला तिथली सगळी रीत ठाऊक झाली होती. मला म्हणाली, "मशीन वाजलं की मशीनकडं नको बघूस. सिस्टरच्या तोंडाकडं बघ. ती चालत आली तर काय नाय. पळत आली तर उठायचं." हा सल्ला मी पुढे किती दिवस पाळला. तुम्हीही पाळा.

मी रडत नव्हते. मोठेपणा म्हणून सांगत नाही. मी एका वहीत लिहीत होते: वजन, दूध, शी, श्वास किती वेळा थांबला, रक्त किती वेळा काढलं आणि किती. शबाना एकदा म्हणाली, "लिहून तुला बरं वाटतं?" मी म्हटलं, "नाही. पण हात रिकामे राहत नाहीत."

सही

पाचव्या दिवशी एक तरुण डॉक्टर आमच्या खोलीत आल्या. डॉक्टर अनघा. बालरोगाचं पुढचं शिक्षण घेत होत्या आणि त्यांच्या प्रबंधासाठी काही बाळांचं रक्त त्यांना हवं होतं. त्या उभ्याउभ्या बोलल्या नाहीत, माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या, हे मला आवडलं.

"ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल तयार होतं," त्या म्हणाल्या. "ते रक्तात किती आहे हे मोजता येतं. पण नुसतं असून भागत नाही. पेशीनं ते पकडायला हवं. पकडणारी जी जागा असते तिला रिसेप्टर म्हणतात. या बाळांना जन्मल्यापासून ताणच ताण आहे. सुया, उजेड, आवाज. त्यांच्या पेशींमध्ये त्या जागा किती असतात, दिवसांप्रमाणे बदलतात का, ते मी बघते आहे. तुम्हाला पोटातल्या बाळासाठी जे इंजेक्शन दिलं ना, तेसुद्धा याच जागांमधून काम करतं."

"याचा माझ्या मुलीला उपयोग?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तिला काहीच नाही. पुढं कधीतरी दुसऱ्या बाळांना होईल. तोही होईलच असं नाही."

मी लॅबमधले प्रश्न विचारले. किती रक्त? कोणती ट्यूब? वेगळी सुई टोचणार का? त्यांनी सांगितलं की वेगळं टोचायचं नाही. उपचारासाठी जे रक्त काढतात त्यातलं तपासणीनंतर जे उरेल तेवढंच, सुमारे अर्धा मिली. तीन वेळा. पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात आणि घरी जाताना. सही केली नाही तरी उपचारात काही फरक पडणार नाही.

शबानानं तिथल्या तिथे कागद ओढून घेतला आणि सही केली. मी म्हटलं, "नाही."

कारण मला सांगता आलं नसतं. उरलेल्या रक्ताचं काय होतं हे तर मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. अकरा वर्षं ते मीच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत आले. लोकांच्या रक्ताचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण हे तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त काढताना मी पेटीपाशी होते. जांभळ्या टोपणाची बारीक ट्यूब. संध्याकाळी मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं, "उरलेलं कुठं आहे?" तो म्हणाला, "टाकलं की." त्यात गैर काही नव्हतं, मीही तेच केलं असतं. पण टाकलं हा शब्द मला लागला. मी डॉक्टर अनघांना शोधून काढलं आणि सही केली. दुसऱ्या सकाळच्या ट्यूबमधलं उरलेलं त्या स्वतः येऊन घेऊन गेल्या.

घरी मी कोणाला विचारलं नव्हतं.

कपभर

चौथ्या आठवड्यात मुलीचं हिमोग्लोबिन उतरलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं उतरतं. शरीर रक्त बनवायला अजून शिकलेलं नसतं आणि तपासणीसाठी थोडंथोडं काढावंच लागतं. तिला रक्त चढवायचं ठरलं. त्या दिवशी सुहास आणि माझ्या सासूबाई दोघंही आले होते. सुहास तोवर विभागाच्या दारातूनच बघून परत जायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, "माझे हात कंपनीतले आहेत." हात धुतले की झालं, हे मी सांगितलं होतं. तो फक्त मान हलवायचा.

वही माझ्या खाटेवर होती. त्यानं ती चाळली आणि सही केलेल्या कागदाची प्रत त्याच्या हाताला लागली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

"तिच्या अंगात रक्त किती असतं?"

"कपभर. त्याहून थोडं कमीच."

"कपभर," तो म्हणाला. "आणि त्यातलं तू प्रयोगाला दिलंस. आज बाहेरचं चढवायची वेळ आली."

"वेगळं काढलेलं नाही. उरलेलं होतं."

"तू तिची आई आहेस की लॅबवाली?"

सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मना त्यातलं काय कळत नाय. पण घरात माणसं हायत, इचारायचंस तरी गो बाय."

विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. हे मी त्यांना सांगितलं. सुहास उठून बाहेर गेला.

मी डॉक्टर अनघांकडे गेले. मला खात्री करून घ्यायची होती. तिसऱ्या आठवड्यातल्या नमुन्याच्या दिवशी मी तापानं पडून होते आणि वहीत त्या दिवसाची नोंद नव्हती. त्या दिवशी जास्तीचं टोचलं होतं का, हे मी विचारलं. त्यांनी त्यांचं रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं. मुलीच्या नंबरापुढे दुसऱ्या नमुन्याचा रकाना रिकामा होता.

"त्या दिवशी ट्यूबमध्ये रक्त गोठलं," त्या म्हणाल्या. "उपचाराची तपासणीच जेमतेम झाली. उरलंच नाही. मला परत टोचा म्हणता आलं असतं, पण ती आधीच दमलेली होती. मी सोडून दिलं."

"मग तुमच्या प्रबंधाचं?"

"एक आकडा कमी."

मी ते रजिस्टर सुहासला दाखवायला मागितलं नाही. त्याला फक्त सांगितलं. त्यानं ऐकलं, पण पटलं असं तोंडावर दिसलं नाही. रक्त चढवून झालं तेव्हा मुलीचा रंग बदलला होता. फिकट पिवळटपणा जाऊन ओठ लाल दिसत होते. सुहास दारातून बघत होता. मग तो चपला काढून हात धुवायला लागला. खूप वेळ धूत होता. सिस्टर शेवटी म्हणाली, "दादा, पुरे आता, कातडी निघेल." त्यानं पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घातलं. मुलीनं ते धरलं. आमच्यातलं ते भांडण मिटलं का, मला सांगता येणार नाही. पुढे त्यावर बोलणं झालं नाही एवढंच.

छातीवर

श्वासाची नळी निघाल्यावर बाळाला उघड्या छातीवर धरायला सांगतात. कातडीला कातडी. मी दोन दिवस धरलं आणि तिसऱ्या दिवशी माझं प्रेशर पुन्हा चढलं. डॉक्टरांनी मला पडून राहायला लावलं. घरातलं दुसरं कोणी आहे का, विचारलं.

सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर शेतातली आणि काजूची कामं केलेल्या. परक्या ठिकाणी ब्लाऊज सोडून बसायचं हे ऐकून त्यांनी पदर घट्ट ओढला. सिस्टरनं पडदा लावून दिला, खुर्ची दिली. त्या बसल्या. मुलगी त्यांच्या छातीवर बेडकीसारखी पसरली. वरून पदर, त्यावर चादर.

पहिल्या पाच मिनिटांत मशीन दोनदा वाजलं. सिस्टर चालत आली. मग वाजायचं थांबलं. सासूबाई अडीच तास हलल्या नाहीत. खाज आली तरी हात नेला नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

डॉक्टर अनघा पडद्याशी आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हिच्या अंगातला तो ताण तुमी मोजताव म्हनं. आता कमी झाला असंल ना? रक्तात बगता येंल?"

"येईल. पण त्यासाठी आज सुई नको टोचायला," डॉक्टर म्हणाल्या. "ते मशीन बघा आजी. मघाशी ठोके एकशे बहात्तर होते. आता एकशे चाळीस आहेत."

सासूबाईंनी त्या आकड्याकडे बघितलं. वाचता त्यांना आकडे येतात. मग म्हणाल्या, "उद्या मी लवकर येतंय." त्यानंतर अकरा दिवस त्या रोज येऊन बसल्या.

शबाना

त्याच दिवसांत एका दुपारी शबानाच्या मुलाचं पोट फुगलं. सकाळी त्यानं दूध नीट घेतलं होतं. आतड्याचा संसर्ग होता, या बाळांना होतो. दुपारी सिस्टर पळत आली. शबाना माझ्या बाजूच्या खाटेवर केस विंचरत होती. तिनं फणी खाली ठेवली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पस्तीस दिवसांचा होता. तिचे वडील आणि भाऊ आले होते. वडिलांनी त्याला पांढऱ्या कापडात छातीशी धरून नेलं. ती पिशवी भरत होती. दूध काढायची वाटी तिनं धुतली, पुसली आणि माझ्या खाटेवर ठेवली. म्हणाली, "तुझी फुटकी आहे." मी तिचा नंबर घेतला होता तो आधीच, नाहीतर तेव्हा मागता आला नसता.

त्यानंतर मी दोन दिवस वही लिहिली नाही. माझी मुलगी वाढत होती. बाजूच्या खाटेवर दुसरी बाई आली.

सातव्या आठवड्यात आम्हाला घरी सोडलं. वजन एक किलो सातशे ऐंशी. त्या दिवशीच्या रक्तातून तिसरा नमुना गेला. सही आता सुहासनं केली. ती कायद्यानं लागत नव्हती. तो म्हणाला, "मी पण करतो."

पूर्णगड

शबानाला मी फोन करत होते, पण महिन्यातून एखादा. मुलीचं काय सांगायचं हे कळायचं नाही. ती विचारायची, मी वजन सांगायचे. मुलगी नऊ महिन्यांची झाल्यावर तीच म्हणाली, "आणत का नाहीस तिला? मी काय नजर लावीन?"

आम्ही रविवारी गेलो. सुहास खाडीकडे मासे बघायला गेला, मुद्दामच. शबानानं मुलीला माझ्याकडून घेतलं आणि ओटीवर बसून तिचे मोजे काढले. टाचा उलट्या करून बघितल्या. तिथे अजून बारीक पांढरे ठिपके आहेत, सुया टोचल्याचे. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला.

"त्याला पण होते," ती म्हणाली. मग, "तीन वेळा घेणार होत्या ना त्या डॉक्टर? त्याचे दोनच झाले."

"हो. माझ्या मुलीचेही दोनच झाले."

"तू लॅबवाली आहेस म्हणून विचारते. ते अजून असेल का?"

मला खोटं सांगता आलं असतं आणि ते कदाचित तिला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "असेल. फार थंड पेटीत गोठवून ठेवतात. नाव नसतं, नंबर असतो. काम संपलं की टाकून देतात. तुला नको असेल तर आत्तासुद्धा काढून टाकायला सांगता येतं, मी त्यांच्याशी बोलते."

मुलीनं तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती.

"नको," शबाना म्हणाली. "त्याचा फोटो पण नाही माझ्याकडं. त्याच्या बापानं त्याला बघितलंसुद्धा नाही. तेवढा राहू दे, जितके दिवस राहील तितके दिवस."

मी मान हलवली. तिनं मुलीचे मोजे परत घातले, दोन्ही नीट वर ओढले, मग तिला कडेवर घेऊन उभी राहिली.

"चल," ती मुलीला म्हणाली, "तुझ्या आईला चहा देऊ."

आणि आत गेली. मी बाहेर ओटीवर बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि शबाना माझ्या मुलीला एकेक डबा दाखवून त्यात काय आहे ते सांगत होती.